ताई, नवा सीझन बघितलास का?

सप्रेम नमस्कार,

मी आणि माझा धाकटा भाऊ एक मालिका वेड्यासारखी बघायचो. तेव्हा तो शाळेत होता, मी कॉलेजात. शेवटच्या भागात नायिका घर सोडून निघते आणि ती परत येणार की नाही हे सांगतच नाहीत. त्यावरून आम्ही दोघांनी कितीतरी रात्री वाद घातले. आता इतक्या वर्षांनी तीच माणसं घेऊन पुढचा सीझन आलाय. दुसऱ्याच भागात ती परत येते, आणि कारण काय, तर जमिनीच्या कागदावर तिची सही हवी! शिवाय मूळ मालिकेतल्या इन्स्पेक्टरवर एक वेगळी मालिका काढली आहे. भाऊ दोन्ही बघतो आणि खूश आहे. मी तीन भागांनंतर सोडून दिलं. शिळ्या कढीला ऊत आणलाय नुसता. तसं त्याला म्हटलं आणि रागाच्या भरात ‘तुझ्या आवडीची पातळीच ती’ असंही बोलून गेले. तो म्हणाला, ‘ताई, तुला हल्ली काहीच आवडत नाही.’ तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं आईच्या औषधांपुरतं उरलंय.

त्याच्यासाठी म्हणून मी हे रेटून बघू का? दुसरं म्हणजे, मला आता जुनी मालिकाही बघवत नाही. ती घराबाहेर पडते तो सीन लागला की सही आठवते. हे सगळं पैशासाठीच करतात ना? की मीच खडूस झालेय?

– सहीवर अडकलेली

*

नमस्कार,

मालिकेचं नाव तुम्ही कळवलं होतं, ते मी काढून टाकलं. छापलं असतं तर निम्मे वाचक माझं उत्तर सोडून त्या मालिकेवरच भांडत बसले असते.

पैशाचा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकते. हो, पैशासाठीच करतात. पण पहिली मालिकाही काही कुणी पुण्य कमवायला काढली नव्हती. नवं नाव लोकांच्या तोंडी बसवायला जाहिरातीवर पैसा ओतावा लागतो, जुन्या नावाला तो कमी लागतो, एवढा साधा हिशेब. त्या हिशेबातून बाहेर काय पडेल हे मात्र हिशेब सांगत नाही. ‘द गॉडफादर’ 1972 साली तुफान चालला म्हणून पॅरामाउंट स्टुडिओला दुसरा भाग हवा होता. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या मनात तो करायचा नव्हता. आपल्याऐवजी मार्टिन स्कॉर्सेसीला घ्या असंही त्याने सुचवून पाहिलं. शेवटी केला त्यानेच, आणि 1974चा तो चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा पहिला सीक्वेल ठरला. ‘टॉय स्टोरी 2’ (1999) सुरू झाला तेव्हा थिएटरसाठी नव्हताच, थेट व्हिडिओवर विकून मोकळं व्हायचं होतं. म्हणून भावाशी बोलताना ‘पैशासाठी केलंय’ हा मुद्दा वापरू नका. तो खरा आहे, पण त्याने सिद्ध काहीच होत नाही. समोरच्याला मात्र ‘तू फसलास’ असं ऐकू जातं.

तुमचं खरं दुखणं त्या सहीत आहे. उघडा ठेवलेला शेवट कुणीतरी येऊन बंद केला, आणि तोही इतक्या स्वस्तात. यातला ‘बंद केला’ हा भाग मला गुन्हा वाटत नाही. ‘स्वस्तात’ हा वाटतो.

रिचर्ड लिंकलेटरच्या ‘बिफोर सनराइज’चंच (1995) बघा. गाडीत ओळख झालेले दोघं व्हिएन्नात एक रात्र भटकतात आणि सकाळी स्टेशनवर ठरवतात की सहा महिन्यांनी इथेच भेटायचं. चित्रपट तिथे संपतो. भेटले का? ज्याला जे वाटलं त्याने ते मानलं. नऊ वर्षांनी ‘बिफोर सनसेट’ आला आणि सुरुवातीच्या गप्पांतच उत्तर देऊन मोकळा झाला. ती विचारते, तू गेला होतास का? तो आधी ‘मीही नव्हतो गेलो’ म्हणत वेळ मारून नेतो. तिला सुटल्यासारखं वाटतं. मग त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळतं की हा गेला होता, तिथे एकटा उभा होता. तिच्या आजीचे अंत्यसंस्कार नेमके त्याच दिवशी होते. म्हणजे ज्या प्रश्नावर लोकांनी नऊ वर्षं काढली तो काही मिनिटांत निकाली, आणि तरी कुणाला आपलं काही हिसकावल्यासारखं वाटलं नाही. कारण त्या उत्तराची किंमत पडद्यावर दिसते. त्याचं लग्न झालंय, मुलगा आहे, त्या एका रात्रीवर त्याने पुस्तक लिहिलंय. ती फटकळ आणि सावध झालीय. चुकलेल्या भेटीने दोघांचं काय केलं हीच दुसऱ्या चित्रपटाची गोष्ट आहे.

‘दृश्यम’चंही तसंच. जीतू जोसेफच्या मूळ मल्याळम चित्रपटाचा (2013) शेवट असा कुलूपबंद होता की त्यापुढे काही शिल्लक असेल असं वाटत नव्हतं. 2021च्या दुसऱ्या भागाने प्रश्नच नवा घेतला. ते गुपित पोटात ठेवून इतकी वर्षं जगायचं म्हणजे काय? थोरल्या मुलीला पोलीस दिसले की झटके येतात. बापाच्या ज्या हुशारीवर आपण पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या, तिचं बिल मुलगी भरते आहे. पुढे तोही चित्रपट कोड्यांच्या खेळात रमतो, पण तोवर त्याने आपली जागा कमावलेली असते.

दुसऱ्या भागाला स्वतःचा प्रश्न आहे का, एवढंच मी बघते. तीच माणसं, तेच घर, तेच पार्श्वसंगीत हे सगळं असूनही तो नसू शकतो. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (2010) मध्ये ते दोघं दिवसभर बोलतात आणि एकमेकांना नावही सांगत नाहीत. सगळी मजा त्या बिननावाच्या ओळखीत होती. 2015च्या दुसऱ्या भागात लग्न ठरतं म्हटल्यावर नावं आलीच, गौतम आणि गौरी. मला पहिला जास्त आवडतो. पण दुसऱ्यावर मी चिडणार नाही, कारण एका दिवसाच्या गप्पांवर उभं राहिलेलं प्रेम लग्नाच्या तोंडावर डळमळतं का, हा त्याचा स्वतःचा प्रश्न होता. तुमच्या मालिकेतली सही हा मला प्रश्न वाटत नाही. नायिकेला चौकटीत आणण्याची ती सोय दिसते. पुढे त्या सहीतून काही निघालं असेलही. तुम्ही तीन भागांवर थांबलात, त्यामुळे तेवढी शंका मी राखून ठेवते.

अशा वेळी एक काम जरूर करा. श्रेयनामावली बघा. जाहिरातीत चेहरे दिसतात, लेखक दिसत नाही. ‘हेरा फेरी’ (2000) आणि ‘फिर हेरा फेरी’ (2006) यांत तिघं नट तेच, पण पहिल्याचा दिग्दर्शक प्रियदर्शन आणि दुसऱ्याचा नीरज वोरा. दोन्ही लागोपाठ बघितले तर हसवण्याची जातच बदललेली कळते. ज्यांना दुसराच जास्त आवडतो असे लोकही भरपूर आहेत. तुमच्या त्या उघड्या शेवटाचा लेखक नव्या सीझनवर नसेल, तर सही त्याने केलेली नाही, एवढं तरी कळेल. मला अशा माहितीने बरं वाटतं.

आता जुनी मालिका नासली का, हा प्रश्न. ‘जुने भाग आहेत तसेच आहेत, ते बघा की’ असं लोक म्हणतात, आणि ते फुकटचं शहाणपण आहे. कळलेलं विसरता येत नाही. जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’मध्ये (1986) नायिका रिप्ली एका पोरक्या मुलीला सोडवायला एकटी खाली उतरते. लिफ्ट खाली जात असताना ती चिकटपट्टीने एकत्र बांधलेली बंदूक आणि आग ओकणारं हत्यार सज्ज करत असते. भीती चेहऱ्यावर असते आणि हात काम करत असतात. तो चित्रपट मुलीला वाचवून संपतो. 1992च्या ‘एलियन 3’ने सुरुवातीलाच तीच मुलगी अपघातात मारून टाकली, पडद्यावर धड एक प्रसंगही न देता. त्यानंतर लिफ्टचा तो सीन बघताना मनात काही डोकावत नाही असं म्हणणारा खोटं बोलतोय. त्यामुळे तुम्हाला सही आठवते यात विचित्र काही नाही.

पण ही गोष्ट वाटते तितकी पक्की नसते, कारण खुद्द मालकच ती पक्की धरत नाहीत. ‘हॅलोवीन’ या भयपटांच्या मालिकेतली नायिका लॉरी स्ट्रोड घ्या. पहिला चित्रपट 1978चा. 1988च्या चौथ्या भागात कळतं की ती अपघातात गेली. 1998मध्ये ती जिवंत, म्हणे मरणाचं नाटक केलं होतं. 2002मध्ये तिला पडद्यावरच मारलं. 2018मध्ये ती पुन्हा हजर, आणि या खेपेला 1978नंतरचं काही घडलंच नाही असं ठरलं. लॉरीचं काम करणारी जेमी ली कर्टिस बिचारी दर वेळी मनापासून घाबरते. त्याआधी, 1981च्या दुसऱ्या भागात, खुनी हा लॉरीचा भाऊ निघाला होता. पुढचे कित्येक भाग त्या नात्यावर चालले. 2018च्या चित्रपटात लॉरीची नात ते एका वाक्यात उडवून लावते, की लोकांनी रचलेली गोष्ट आहे ती. चाळीस वर्षांचा संसार एका वाक्यात बाद!

याहून माझा लाडका किस्सा टीव्हीवरचा आहे. ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका 1978 ते 1991 चालली. 1985मध्ये बॉबी युइंगचं काम करणारा पॅट्रिक डफी सोडून गेला, म्हणून बॉबीला गाडीच्या धडकेत मारलं. पुढचा अख्खा सीझन त्याच्या पश्चात गेला. मालिकेला ते मानवलं नाही, डफीला परत बोलावलं. आता मेलेला माणूस आणायचा कसा? 1986मध्ये सीझनच्या शेवटच्या प्रसंगात त्याची घटस्फोटित बायको पॅम सकाळी उठते, बाथरूममध्ये जाते, तर शॉवरखाली बॉबी धडधाकट उभा, आणि वळून तिला ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. पुढच्या सीझनमध्ये खुलासा आला की सबंध वर्ष पॅमला पडलेलं स्वप्न होतं. वर्षभर लोकांनी जी लग्नं, भांडणं, मरणं मनावर घेतली ती सगळी रद्द. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पण याच मालिकेतून फुटलेली ‘नॉट्स लँडिंग’ 1979पासून वेगळी चालू होती, बॉबीचा भाऊ गॅरी तिच्यातला. तिथे बॉबीच्या मरणाचा शोक करून झाला होता, कथा त्यावरून पुढे सरकली होती. त्या लेखकांनी स्वप्नाची भानगड मानलीच नाही. मूळ घरात बॉबी जिवंत आणि धाकट्या पातीत मेलेला, असंच शेवटपर्यंत राहिलं. दोन्ही मालिकांमधली ये-जा बंद पडली. ‘नॉट्स लँडिंग’ 1993पर्यंत चालली, म्हणजे तिचं काही बिघडलं नाही.

ज्यांच्या मालकीची गोष्ट आहे, जे त्यावर पगार घेतात, त्यांनाच जर वाटेल तो भाग ठेवायची आणि वाटेल तो पुसायची मुभा आहे, तर तुम्ही का म्हणून सगळं सांभाळत बसायचं? तुमची मालिका ती घराबाहेर पडते तिथे संपते. नवा सीझन म्हणजे ‘नंतर काय झालं असेल’ याचं कुणीतरी दिलेलं एक उत्तर. तुम्ही आणि तुमच्या भावाने त्या रात्री दिलेल्या उत्तरांच्याच रांगेत ते बसतं, फक्त त्याला कॅमेरा मिळाला. जुने भाग लावाल तेव्हा सही आठवेल, आठवू दे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती मागे पडते.

जाता जाता सांगते, हा राग चारशे वर्षं जुना आहे. स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग 1605मध्ये आला, आणि त्याचा दुसरा भाग पुरा व्हायच्या आत, 1614मध्ये, कुणीतरी टोपणनावाने परस्पर पुढचा भाग काढला. सर्व्हांतेसने 1615च्या आपल्या दुसऱ्या भागात काय करावं? नायकालाच त्या नकली पुस्तकाबद्दल कळतं. त्यात आपल्याला सारागोसाला नेलंय असं ऐकल्यावर तो बेत बदलतो आणि बार्सिलोनाला जातो, केवळ ते पुस्तक खोटं पडावं म्हणून. आणि अखेर सर्व्हांतेस त्याला मारतो, पुन्हा कुणी त्याला घोड्यावर बसवू नये याची तजवीज म्हणून. इतका सुरेख सूड घेणं तुम्हाआम्हाला जमणारं नाही, पण चिडणाऱ्यांच्या पंगतीत तुम्ही एकट्या नाही.

आता इन्स्पेक्टर. त्या मालिकेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि तीही नाक मुरडून. मला वाटतं, तुमची सुटका तिथेच आहे. पुढचा भाग मूळ शेवटाला हात लावल्याशिवाय चालूच शकत नाही. स्पिन-ऑफला, म्हणजे एखादं पात्र उचलून काढलेल्या वेगळ्या मालिकेला, ती गरज नसते. तो बाजूच्या गल्लीत जातो, आणि लेखकाकडे काही असेल तर ती गल्ली मोठी निघते.

‘ब्रेकिंग बॅड’मधला वकील सॉल गुडमन 2009मध्ये पहिल्यांदा येतो तो हसवायला. भडक टाय, स्वस्त जाहिरात. त्याच भागात त्याला तोंड झाकून वाळवंटात नेतात आणि जीव वाचवायला तो ओरडतो, मी नाही, इग्नासिओ होता तो! लालोने नाही ना पाठवलं तुम्हाला? ही दोन नावं पुढे मालिकेत कुठे येत नाहीत, आपणही विसरतो. 2015मध्ये ‘बेटर कॉल सॉल’ सुरू झाली आणि त्या दोन नावांची हाडामांसाची माणसं झाली. लालो तर असा झाला की तो हसत हसत खोलीत शिरला की आपण पाय वर घेऊन बसतो. सहा सीझन चालली ती. आणि आता जुना वाळवंटातला सीन लावला की तो विनोदी राहत नाही, त्या ओरडण्यामागे काय काय होऊन गेलंय ते आपल्याला ठाऊक असतं. तुमच्या बाबतीत सहीने जे उलटं केलं, ते इथे सुलटं झालं. नंतरची गोष्ट आधीच्या गोष्टीत शिरते ती दोन्ही दिशांनी.

मराठीत याचं ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’. 2016च्या मालिकेची सुरुवातच अण्णा नाईक गेल्याच्या बातमीने होते. माणूस नाही, नुसता त्याचा दरारा. 2019च्या दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवला, आणि माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता हेच लोकांच्या डोक्यात बसले. शेवट काय होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असूनही लोक रोज बघत होते. तुमच्यासारखा, शेवट जपणारा प्रेक्षक मागच्या काळातल्या गोष्टीत जास्त सुखी असतो; तिथे शेवटाला कुणी धक्का लावूच शकत नाही.

सगळ्याच पात्रांना हे पेलत नाही, हेही खरं. ‘फ्रेंड्स’ 2004मध्ये संपल्यावर जोईला एकट्याला उचलून त्याची वेगळी मालिका केली, ती दोन सीझनमध्ये आटोपली. सहा जणांच्या घोळक्यात एकाने बावळट असणं गमतीचं असतं. त्याच्याकडे बघून भुवया उंचावणारे बाकीचे पाच काढून घेतले की उरतं काय? ‘फ्रेझर’वाल्यांनी (1993 ते 2004) हे बरोबर ओळखलं. ‘चीअर्स’ या आधीच्या मालिकेतल्या शिष्ट मानसोपचारतज्ज्ञाला, फ्रेझरला, त्यांनी दुसऱ्या शहरात नेलं आणि त्याच्यासमोर दोन माणसं उभी केली, त्याच्याहून शिष्ट भाऊ आणि साधा, तिखट जिभेचा, पोलिसातून निवृत्त झालेला बाप. अडचण एवढीच होती की ‘चीअर्स’मध्ये फ्रेझरने बाप वारल्याचं सांगून ठेवलं होतं. लेखकांनी ते लपवलं नाही. जुन्या मालिकेतला मित्र भेटायला येतो, बाप समोर बसलेला बघून चक्रावतो, आणि फ्रेझरला ओशाळून कबूल करावं लागतं की तेव्हा भांडण झालं होतं, म्हणून तसं सांगितलं. एका चुकीच्या ओळीतून बाप-मुलाचं सगळं नातं कळतं. सही घेऊन येणाऱ्या लेखकांना कुणीतरी हा भाग दाखवायला हवा होता.

म्हणून इन्स्पेक्टरची मालिका बघायची तर हे बघा : त्याच्यासमोर नवं कुणी उभं केलंय का, की तो नुसता जुन्या मालिकेतले संवाद पुन्हा म्हणतोय?

राहता राहिला भाऊ. तुमचा पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच होता, मी तो शेवटी ठेवला, आणि खरं म्हणजे पत्र त्याच्यासाठीच लिहिलेलं आहे.

रेटून बघू नका. नाराज माणूस शेजारी बसून बघत असेल तर ते फोनवरूनही कळतं. तो आनंदाने काही सांगणार आणि तुम्ही ‘हं, बघितला’ म्हणणार, यापेक्षा न बघितलेलं बरं. मत बदलायचीही गरज नाही. माफी मात्र मागा, आणि ती फक्त ‘पातळी’ या शब्दाची. ‘तुझंही बरोबर असेल’ वगैरे गुळमुळीत काही जोडू नका, त्याला ते खोटं वाटेल. सीझन मला आवडला नाही, पण ते वाक्य मी बोलायला नको होतं, एवढं पुरे.

‘ताई, तुला हल्ली काहीच आवडत नाही’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात मालिकेचा बचाव कुठे आहे? तुम्ही कॉलेजात आणि तो शाळेत असताना तुम्ही दोघं जो वाद घालायचात, तो घालायला जोडीदार उरला नाही, ही तक्रार आहे. तो कदाचित नव्या सीझनमध्ये कथा शोधतच नसेल. खूप वर्षांनी तेच चेहरे, थोडे सुटलेले, थोडे पिकलेले, एका खोलीत बसलेले बघायला मिळतात, तेवढ्यावर त्याचं भागत असेल. अशा बघण्यात कमीपणा नाही. मीही काही पुनर्मीलनं निव्वळ त्यासाठी बघते आणि कथेकडे कानाडोळा करते. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ 2016मध्ये संपल्यावर पुढच्या वर्षी तीच टोळी ‘दिल दोस्ती दोबारा’मध्ये आली, तीही सपशेल वेगळी पात्रं आणि वेगळी कथा घेऊन. पुढचा भाग नव्हताच तो. तरी लोक बसले, ती पोरं पुन्हा एकत्र दिसणार म्हणून.

तुम्ही दोघं एकाच पडद्यावर दोन वेगळ्या गोष्टी बघताय. तेव्हा ‘चांगलं की वाईट’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा आणि त्याला एखाद्या प्रसंगाबद्दल विचारा. नायिका घरात शिरते तेव्हा तिच्या थोरल्या भावाने काय केलं? इन्स्पेक्टर अजून तसाच चालतो का? निकाल सुनावणारा माणूस समोरच्याला गप्प करतो. प्रश्न विचारला की समोरचा अर्धा तास बोलतो.

आणि त्याला एक भाग निवडायला सांगा. इन्स्पेक्टरच्या मालिकेतला, त्याच्या मते सगळ्यात जमलेला, मग तो पाचवा असो की अकरावा. तुम्ही तो मोबाइल लांब ठेवून, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघायचा. ‘थोडा धीर धर, पुढे रंगते’ हे चाहत्यांचं पेटंट वाक्य आहे आणि बहुतेकदा त्यावर विश्वास ठेवू नये. पण कधीकधी ते खरं असतं. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ (1987 ते 1994) तिच्या चाहत्यांनाही तिसऱ्या सीझनपासूनच खरी आवडते, पहिल्याबद्दल ते स्वतःच दिलगिरी व्यक्त करतात. आयुष्यात दोन सीझन दिलगिरीपोटी बघायला कुणाकडे वेळ नाही, म्हणून तर नेमका भाग विचारायचा. तो आवडला तर अलीकडचा-पलीकडचा बघा. नाही आवडला तर का नाही ते त्याला सांगा. शब्द जपून, पण मत तुमचंच ठेवून. बदल्यात तुम्हीही त्याला काहीतरी बघायला लावा. ‘बिफोर’वाले दोन चित्रपट लावा असं मी सुचवेन, दोन्ही मिळून तीन तासांच्या आसपासच आहेत, आणि ‘ती आली असती का’ यावर पुन्हा भांडायला चांगले आहेत.

आज फोन कराल तेव्हा औषधांचं आधी बोलून घ्या, म्हणजे तो विषय तोंड लपवायला उरणार नाही. आणि ‘कुठला भाग बघू?’ म्हटल्यावर तो लगेच नंबर सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. चाहता माणूस आहे, आधी दहा सांगेल, मग त्यातले आठ खोडेल, आणि उरलेल्या दोनांसाठी कुठले आधीचे चार बघितलेच पाहिजेत हे समजावत बसेल. ऐकून घ्या, पण एकावरच आणा.